मोठ्या बाईंची बदली

२ सप्टेंबर

एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली आणि निरोपाला ही डायरी मिळाली. पुठ्ठ्यावर शाळेचं नाव सोनेरी अक्षरांत, आत सगळी पानं कोरी. देणाऱ्यांना वाटलं असेल, बाईला आता वेळच वेळ. तो आहेच. पाचला जाग येते, साडेसहापर्यंत स्वयंपाक उरकतो आणि मग दिवसभर मी पातेल्याकडे बघते नि पातेलं माझ्याकडे.

माझा हात आखडत नाही, हा खरा रोग. सव्वातीनशे पोरांच्या अंदाजाने चाललेला हात एका माणसाचा भात लावू शकत नाही. हे होते तोवर थोडं तरी संपायचं. आता द्यायचं कुणाला? उजवीकडच्या घराला कुलूप. डावीकडे विमावाले. जन्मभर लोकांना मरणाची भीती घालून विमे विकले आणि आता वसाहतीचे अध्यक्ष होऊन बसलेत. त्यांच्या बायकोचे गुडघे गेलेले आणि पथ्यं शंभर. म्हणून काल उरलेले बटाटे मागच्या कुंपणापलीकडे ओतून आले. तिथून टेकडी सुरू होते, ती काही कुणाच्या बापाची नाही.

९ सप्टेंबर

रोज ओतलेलं रोज साफ व्हायचं, म्हणून आज खिडकीत उभी राहिले. रानडुकरीण आहे. मागे पाच पिल्लं, पट्ट्यापट्ट्यांची, एका रांगेत. ती पुढे, मान आखूड, अंगाने भरलेली, इकडेतिकडे न बघता चालणारी. मला हसूच आलं. आमच्या शाळेच्या मोठ्या बाई अगदी अशाच व्हरांड्यातून जायच्या. मागून पोरांची रांग, आणि वाटेत कोणी आलं तर बाजूला व्हायचं त्यानेच.

तिचं नाव मोठ्या बाई ठेवलं. आमच्या खऱ्या मोठ्या बाईंनी माझ्या हातचं कधी खाल्लं नाही, घरून डबा आणायच्या. या बाईंनी ताटलीसुद्धा सोडली नसती.

१७ सप्टेंबर

आता ओतून येत नाही. बादली कुंपणाशी ठेवते आणि झाकणावर डावाने तीन ठोके देते.

शाळेत जेवणाची घंटा शिपायाची होती. तीन ठोके माझे. पोरं जेवून उठायला लागली की मी मोठ्या झाकणावर वाजवायची. म्हणजे उरलंय, पोट भरलं नसेल त्यांनी यावं. कोण येतंय ते मी बघायची नाही, खाली मान घालून वाढायची. घरी चूल न पेटणारी पोरं असतात, त्यांना कुणी बघितलेलं सहन होत नाही. एकतीस वर्षांत तीन ठोके ऐकून आलेलं एकही पोर मी रिकामं परत पाठवलं नाही. निरोपाच्या भाषणांत याचा उल्लेख कुणी केला नाही. स्वच्छतेचं कौतुक मात्र तिघांनी केलं.

मोठ्या बाई पाचव्या दिवशी शिकल्या. काही माणसांना वर्ष लागतं.

२४ सप्टेंबर

बुधवार. बुधवारी आणि शुक्रवारी शाळा सुटली की नात बारकी माझ्याकडे असते. सून दातांच्या डॉक्टरकडे कामाला आहे, संध्याकाळी घ्यायला येते. आज आल्या आल्या दारातच सुरू झाली, “आई, हिचे चार दात किडलेत. गोड अजिबात देऊ नका. आणि पाचनंतर काहीच नको, घरी जेवत नाही ती.”

मी म्हटलं, “बरं.”

सहा वर्षांच्या पोरीचे दुधाचे दात. ते पडणारच आहेत. माझ्या मुलाला मी साखर लावलेल्या पावावर वाढवला, त्याच्या तोंडात बत्तीस आहेत. पण हल्ली सगळं यांनाच कळतं, आम्ही आपले नुसतेच म्हातारे झालो. बारकीला साखरपाव दिला, तिथेच चूळ भरायला लावली आणि म्हटलं, हे आपल्या दोघींचं गुपित. तिने ओठांवर बोट ठेवलं. गुणाची आहे, पोटात ठेवते.

३ ऑक्टोबर

बारकीला मोठ्या बाई दाखवल्या. एरवी त्या सकाळीच येतात, पण ठोके दिले तर दुपारीही येतात असं दिसलं. बारकी टाळ्या वाजवत म्हणाली, “आजी, रांगेत आहेत सगळे.” मग तिला वाजवायचं होतं. डाव तिच्या हाताला जड होतो म्हणून मोठा चमचा दिला. पहिल्यांदा चार ठोके दिले, मग तीन जमले. हेसुद्धा घरी सांगायचं नाही म्हटलं. तिने मी न सांगताच ओठांवर बोट ठेवलं.

किती दिवसांनी मला इतकं बरं वाटलं.

११ ऑक्टोबर

आज दारावर नोटीस. वसाहतीच्या हद्दीत वन्य प्राण्यांना खाणे घालण्यास सक्त मनाई, तक्रार वनखात्याकडे जाईल, खाली विमावाल्यांची लांबलचक सही. फाडून टाकली तर अर्ध्या तासात दुसरी.

बाहेर गेले तर विमावाल्यांच्या हातात अजून गोंद होता. “वहिनी,” म्हणाले, “हे सगळ्यांसाठी आहे.”

“सगळ्यांसाठी आहे तर माझ्याच दारावर दोनदा कसं?”

“कारण तुम्हीच एकदा फाडलंत.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “जनावराला रोज आयतं मिळालं की ते आपलं पोट आपण भरायचं विसरतं. आणि एकदा माणसाची भीती गेली की परत येत नाही. यात त्याचंच वाईट होतं, वहिनी.”

विमा विकताना असाच आवाज लावत असणार. आमच्या ह्यांना असाच गळ्यात मारला होता. मी म्हटलं, “भाऊ, माझ्याकडे कोणी येत नाही. माणूसही येत नाही, जनावर कुठलं यायला?”

नोटीस नीट वाचली. खाणे घालू नये म्हटलंय. आपलं उरलंसुरलं आपल्या कुंपणाशी ठेवू नये असं कुठेही लिहिलेलं नाही.

२२ ऑक्टोबर

वसाहतीतले कचऱ्याचे डबे उलथलेले. विमावाल्यांच्या मागचा भोपळ्याचा वेल उकरून टाकलेला. सगळे माझ्या घराकडे बघत जातात. मी तरी रोज बादली भरून ठेवते, तिला डबे उलथायची गरज काय? दुसरी कुठली तरी असणार. टेकडीवर एकच डुकरीण आहे, असं कुणी लिहून दिलंय का?

पिल्लांचे पट्टे पुसट होत चाललेत. बादली आता पुरत नाही, आजपासून दुसरी भरायला घेतली. भात जास्त लावावा लागतो. म्हणजे उरलेलंच असं नाही म्हणता येणार.

३० ऑक्टोबर

लिहू की नको, असं झालं होतं. लिहिते.

सकाळी विमावाल्यांची बायको काठी टेकत पाव घेऊन येत होती. मोठ्या बाई रस्त्यावर आल्या आणि पिशवी ओढून घेतली. ती खाली बसली. सगळे पडली पडली म्हणतायत, पण मी खिडकीतून बघितलं, ती बसली. मोठ्या बाईंनी पाव तिथेच खाल्ला, प्लॅस्टिकसकट. ती बाई भिंतीला टेकून ओरडतही नव्हती, नुसती बघत होती.

मी बाहेर गेले नाही. हातात डाव होता. डाव घेऊन कशी जाणार? आणि मोठ्या बाईंनी मला ओळख दाखवली असती तर?

दुपारी फ्लॉवरची भाजी घेऊन जावं असं मनात आलं. मग आठवलं, तिला फ्लॉवर चालत नाही.

१४ नोव्हेंबर

 

शुक्रवार होता. बारकी मागच्या खोलीत चित्रं काढत होती. पावणेचारला विमावाले आले. एका हातात बायकोची काठी, दुसऱ्या हातात वहीच, तारीखवार नोंदी. डबे, वेल, पिशवी. म्हणाले, “वहिनी, मी अजून कुणाकडे गेलो नाही. एकदाच विचारतो, तुम्ही तिला बोलावता का?”

माझं डोकंच फिरलं. मी त्यांना काय काय बोलले. तुमच्या बायकोच्या पावासाठी माझ्यावर आळ घेता, एकट्या बाईचं कोणी नाही म्हणून दारात येऊन पाणउतारा करता. मी म्हटलं, शपथ घेऊन सांगते, माझ्याकडे कधीही कोणीही

आणि मागून तीन ठोके आले.

नीट तीन. मी शिकवले तसे. विमावाल्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं आणि काय केलं? मागचं दार लोटून पुढे बोलणार होते. हे कुणाला सांगणार नाही, पण माझ्या मनात पहिलं हे आलं की याला आता कळलं. पोरीचं नंतर आलं. बारकीच्या ओरडण्याबरोबर आलं.

कुंपणाचं फाटक तिने उघडलं होतं. हातात झाकण, दुसऱ्या हातात चमचा. बादली रिकामी. मोठ्या बाई तिला ढोसत होत्या, पोत्याला ढोसावं तसं, खायला कुठे आहे म्हणून. चावल्या नाहीत. पण बारकी दगडी पायरीवर पडली होती आणि हात नको तिकडे वळला होता. मांडी सुळ्याने फाटली होती.

बायकोची काठी घेऊन विमावाले धावले. सत्तरीचा माणूस, स्वतः तिच्या अंगावर गेला. हॉस्पिटलात त्यांच्याच गाडीने नेलं. वाटेत बारकीचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ती रडत नव्हती. सारखं एकच म्हणत होती, “मी घरी नाही सांगणार, आजी.”

१६ नोव्हेंबर

हात दोन ठिकाणी मोडलाय. मांडीला नऊ टाके.

मुलगा हॉस्पिटलात माझ्याशी एक शब्द बोलला नाही. सुनेने एवढंच विचारलं, “आई, तिला ते वाजवायला कुणी शिकवलं?”

मी म्हटलं, “मुलं बघून शिकतात.”

ती मान हलवून आत गेली. खोटं काय बोलले मी? बघूनच शिकली. चमचा मी दिला, एवढंच.

१९ नोव्हेंबर

बुधवार. बारकी आली नाही. येणार नव्हतीच, हात प्लॅस्टरमध्ये आहे. साखरपाव करून ठेवला होता.

मागे काही ठेवत नाही. तरी मोठ्या बाई सकाळी आल्या. अर्धा तास कुंपणाशी उभ्या. मग कुंपणाला अंग घासायला लागल्या, खांब हलला. मी पडदा ओढला.

२४ नोव्हेंबर

वनखात्याचा साहेब आला होता. माझ्या मुलाच्या वयाचा, बूट बाहेर काढून आत आला. टेकडीच्या वाटेवर मोठा पिंजरा लावलाय, आत मका. आठवडा झाला, ती फिरकत नाही.

“तिला कच्चं चालत नाही,” मी म्हटलं, “शिजवलेलं लागतं.” बोलल्यावर माझं मलाच कळलं की मी हे अभिमानाने बोलले. त्यालाही कळलं. त्याने खाली बघितलं.

“आजी, तुमची नात म्हणाली, तीन वेळा वाजवलं की ती येते.”

“सहा वर्षांच्या पोरीची साक्ष काढलीत?”

“तिच्या आईने विचारून सांगितलं.” थांबून म्हणाला, “आता पूर्वीच्या वेळेला येत नाही, कधीही येते. काल बसथांब्यावर मुलांच्या दप्तरात तोंड घालत होती. आवाजाला येईल तर त्रास न होता काम होईल. भुलीचं इंजेक्शन लांबूनच मारतो.”

“आणि मग?”

“पिल्लं अजून लहान आहेत, त्यांना लांबच्या रानात सोडू. ती शिकतील.”

“आणि ती?”

तो चहाच्या कपाशी खेळत बसला. “तिला कुठेही सोडली तरी ती पहिलं घर शोधेल, आजी. तिची सवय आता जाणार नाही. आणि पिल्लं तिच्याबरोबर राहिली तर तेच शिकणार. वेगळी केली तरच वाचतील.”

मी म्हटलं, आईपासून पिल्लं तोडण्याला तुमच्यात वाचवणं म्हणतात होय? असलं कसलं खातं तुमचं? तो उठला. दारात म्हणाला, “दोन दिवसांनी येतो. तुम्ही नाही म्हणालात तर आम्ही दुसरा मार्ग बघू. तो जास्त वाईट असेल.” चहा अर्धाच प्यायला. भरपूर दूध घालून मोठा कप दिला होता मी.

२५ नोव्हेंबर

मुलाला फोन केला. विचारलं, “ते जनावर गेलं की बारकीला पाठवशील ना पूर्वीसारखं?”

त्याने आधी बारकीला दुसऱ्या खोलीत पाठवलं. मग म्हणाला, “बघू, आई.”

लहानपणापासून त्याचं ‘बघू’ म्हणजे हो असतं. खेळणं मागितलं की आमचे हेही ‘बघू’ म्हणायचे आणि आणायचेच. जनावर जनावर आहे. नात नात आहे. यात विचार करण्यासारखं काय होतं? साहेबाला हो कळवलं.

२८ नोव्हेंबर

सकाळी साडेसहा. साहेब आणि त्याची दोन माणसं विमावाल्यांच्या भिंतीआड. विमावाले त्यांच्या खिडकीत, बायको मागे. दोन गाड्या कोपऱ्यावर उभ्या.

साहेब म्हणाला होता, बादली रिकामी ठेवली तरी चालेल, नुसतं वाजवा. मी म्हटलं, माझ्या हाकेवर आलेलं कोणी उपाशी राहणार नाही, हे तुमच्या खात्याला मान्य असेल तर वाजवते. पाचला उठून बटाटे उकडले, भात लावला, वर शिळा पाव कुस्करला. दोन्ही बादल्या काठोकाठ.

तीन ठोके दिले.

दोन आठवडे काही मिळालं नव्हतं, तरी आली. धावत आली. पिल्लं आता तिच्या पोटापर्यंत उंच, रांग मोडली होती, पण होती पाचही. कुंपणाशी आली, एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

मी वाढत होते. पहिली बादली संपत आली तशी दुसरीतलं डावाने घालत होते. भिंतीआडून फट्‌ असा बारीक आवाज आला, पुस्तक आपटावं एवढाच. ती दचकली, चार पावलं मागे गेली. आणि परत खायला आली. मी बघितलं नाही. खाली मान घालून वाढत राहिले. थोड्या वेळाने साहेबाने माझ्या हातातला डाव काढून घेतला आणि म्हणाला, “झालं, आजी.”

पिल्लं ओरडत होती. त्यांना गाडीत घालेपर्यंत ओरडत होती. मोठ्या बाईंची गाडी वेगळ्या रस्त्याने गेली.

विमावाल्यांची बायको संध्याकाळी काठी टेकत आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. खुर्चीवर बसली. मी तिला विचारलं, त्या दिवशी लागलं होतं का? ती म्हणाली, “हो.”

३ डिसेंबर

बुधवार. नाही आली.

५ डिसेंबर

शुक्रवार. मुलगा एकटाच आला, तासाभरासाठी ऑफिसातून. मी साखरपाव डब्यात भरून दिला. त्याने डबा टेबलावर ठेवून दिला.

मी म्हटलं, “आता काय राहिलं? मी माझ्या हाताने बोलावून दिलं तिला. आणखी काय करू?”

तो म्हणाला, “आई, प्रश्न डुकराचा नव्हता.”

“मग कशाचा होता?”

“हॉस्पिटलात डॉक्टर विचारत होते, कसं लागलं, तर ती सांगेना. हात मोडलाय, टाके घालतायत, आणि पोरगी ओठांवर बोट ठेवून बसलीय. दोन तास.” मग म्हणाला, “तिला आता काहीही विचारलं की ती आधी आमच्या तोंडाकडे बघते.”

मला वाटलं सुनेने पढवून पाठवलंय. पण त्याचे डोळे भरले होते, आणि हे त्याच्यात कुणी पढवू शकत नाही. हे गेले तेव्हाही तो रडला नव्हता. गेल्यावर डबा तिथेच होता.

मी फक्त पोट भरत होते. सगळ्यांचं. यात चूक कुठे सुरू झाली, ते मला कुणीतरी दाखवावं.

१३ डिसेंबर

प्लॅस्टर निघालं म्हणून सुनेने फोन लावून दिला. पाच मिनिटं, आणि आवाज खोलीत मोठ्याने लावलेला, हे मला ऐकू येत होतं.

बारकी म्हणाली, “आजी, मोठ्या बाई माझ्यावर रागावल्यात का?”

“का गं?”

“मी नुसतंच वाजवलं ना. बादलीत काहीच नव्हतं. मी खोटं वाजवलं.”

मी म्हटलं, “नाही गं. तुझ्यावर कशाला रागावतील? त्यांची बदली झाली. लांबच्या शाळेत.”

“आणि रांगेतले?”

“ते दुसऱ्या शाळेत.”

तिने विचार केला. “मग आता तीन वेळा वाजवलं तर कोण येतं?”

“कोणी नाही येत. तू वाजवू नकोस हं.”

“हे घरी सांगू का?” असं तिने हळूच विचारलं. घरातच बसून, आईच्या समोर.

मी म्हटलं, “सांग. सगळं सांग.”

मग सुनेने फोन घेतला. ठेवते, म्हणाली. आवाजात राग नव्हता. पुढच्या बुधवारचं मी विचारलं नाही, तिनेही काढलं नाही.

संध्याकाळी एकच वाटी तांदूळ मोजून घेतले. एवढासा भात शिजताना मी पहिल्यांदाच बघितला. ताटात घेतला. तोही उरला.